आधी वाचा, मग लिहा: संगणकशास्त्राचे तास नव्याने घेणाऱ्या शिक्षकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच प्रकारची आहेत. दुसरा विषय वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या माध्यमिक शिक्षकांकडे संगणकशास्त्राचे तास आले आहेत आणि तयारी कशी करायची, हा प्रश्न आहे. एकसारख्या शंका एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: मी भूगोल शिकवतो. पत्रं, तक्ते, सादरीकरणं एवढा संगणक येतो. पुढच्या वर्षापासून आठवी-नववीला संगणकशास्त्र घ्यायचं आहे. सुट्टीतला एका आठवड्याचा प्रशिक्षणवर्ग पुरेल का?

पुरणार नाही. आठवडाभराच्या वर्गात ४० तास भरतात खरे, पण सोमवारी कळलेला लूप (त्याच ओळी पुन्हापुन्हा चालवणारी रचना) शुक्रवारपर्यंत डोक्यात ताजाच असतो. तो विसरून, अडखळून, पुन्हा आठवायची वेळच येत नाही, आणि कौशल्य पक्कं होतं ते त्या अडखळण्यातूनच. तेच ४० तास दहा आठवड्यांवर पसरले तर कितीतरी जास्त टिकतात.

शून्यापासून सुरुवात असेल तर साधारण १२० तास धरा: आठवड्याला ४ तास, ३० आठवडे. त्यातले ५० प्रोग्रामिंगला. २० तास माहिती संगणकात कशी साठते यासाठी, म्हणजे बायनरी (फक्त ० आणि १ वापरणारी पद्धत), अक्षरं, चित्रं, आवाज. १५ यंत्राची अंतर्गत रचना आणि नेटवर्कला, १० शोधण्याच्या व क्रम लावण्याच्या अल्गोरिदमना (ठरलेल्या पायऱ्यांच्या रीतींना). उरलेले २५ तास हा विषय शिकवायचा कसा, मुलं कुठे चुकतात, यासाठी. वेळ कमी पडला की सगळ्यात आधी हेच २५ तास कापले जातात. कापायचंच असेल तर प्रोग्रामिंगमधला शेवटचा, अवघड भाग कापा. आठवी-नववीला त्याची गरज पडत नाही.

तयारी झाली हे ओळखायच्या तीन कसोट्या आहेत. वीस-पंचवीस ओळींचा अनोळखी प्रोग्राम कागदावर वाचून, तो चालवायच्या आधी, पडद्यावर काय येईल ते सांगता येतं का? यादीतली सर्वांत मोठी संख्या, सरासरी आणि एखाद्या अटीत बसणाऱ्यांची मोजणी हे तीन छोटे प्रोग्राम कुठेही न बघता २० मिनिटांत लिहिता येतात का? आणि मुलाचा चुकलेला कोड पाहून, कीबोर्डला हात न लावता, त्याला चुकीपर्यंत नेणारा एक प्रश्न विचारता येतो का? तिसरी कसोटी सर्वांत कठीण, आणि शिक्षकाची खरी कसोटी तीच.

भूगोलाचा तुम्हाला फायदाच आहे. नकाशावरचे अक्षांश-रेखांश, उंचीच्या पट्ट्यांना दिलेले रंग, एकावर एक ठेवलेले माहितीचे थर या सगळ्यामुळे चित्र म्हणजे अंकांची जाळी, हे तुम्ही इतर कुणाहीपेक्षा सहज शिकवाल.

प्रश्न: गणिताच्या तासाला ‘अ = अ + १’ कुणी लिहिलं तर मी तिथे लाल रेघ मारते. प्रोग्रामिंगमध्ये तेच बरोबर कसं, हे मुलांना पटत नाही. खरं सांगायचं तर मलाही सांगताना अवघड जातं.

हे तुम्हाला खटकतंय ही चांगली खूण आहे. ज्यांना खटकत नाही त्यांची मुलं पुढे जाऊन अडकतात.

गणितातलं ‘=’ हे विधान आहे: दोन बाजू सारख्या आहेत. प्रोग्राममधलं ‘=’ हा हुकूम आहे: उजव्या बाजूची किंमत आधी काढ, मग ती डावीकडच्या नावाखाली ठेव. म्हणून मोठ्याने वाचतानाच फरक करा. ‘अ बरोबर अ अधिक एक’ असं कधीही वाचू नका, ‘अ मध्ये ठेव: आत्ताचा अ, अधिक एक’ असं वाचा. पहिले काही आठवडे ही शिस्त पाळलीत तर बरंच काम होऊन जातं.

मग ही चार ओळींची चाचणी द्या:

अ = ५
ब = अ
अ = ७
दाखवा ब

बरोबर उत्तर ५. ज्यांनी ७ लिहिलं, त्यांच्या मनात अ आणि ब कायमचे जोडले गेले आहेत, समीकरणात असतात तसे. ज्यांनी ‘अ’ लिहिलं, त्यांना नाव आणि किंमत यांतला फरक अजून कळलेला नाही. दोन्ही चुका वेगळ्या, म्हणून उपायही वेगळे. पहिल्या गटाला दोन कोरे कागद द्या, त्यांवर अ आणि ब लिहायला लावा आणि प्रत्येक ओळीनंतर जुना आकडा खोडून नवा लिहायला सांगा. दुसऱ्या गटाला आधी फक्त ‘दाखवा’ या आदेशाचीच उदाहरणं हवीत.

नावांचाही एक सापळा आहे. व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवणाऱ्या जागेचं, नाव ‘सर्वांतमोठा’ ठेवलं की त्यात सर्वांत मोठी संख्या आपोआप येईल, असं काही मुलांना खरोखर वाटतं. संगणक आपला हेतू समजून घेतो, हा समज कितीतरी चुकांच्या मुळाशी असतो. रॉय पी या संशोधकाने १९८६ मध्येच त्याला ‘सुपरबग’ असं नाव दिलं होतं. उपाय मजेदार आहे: तोच प्रोग्राम ‘सर्वांतमोठा’ऐवजी ‘टोपी’ असं नाव देऊन चालवून दाखवा. उत्तर बदलत नाही.

गणिताच्या शिक्षिका म्हणून तुमच्यासाठी अजून एक. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ०.१ + ०.२ विचारा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. यंत्र बिघडलेलं नाही. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की जसं ०.३३३… संपत नाही, तसा एक दशांश बायनरीत संपत नाही, आणि ठरावीक जागेत बसवताना तो कुठेतरी तोडावा लागतो. म्हणून दोन दशांश संख्या ‘अगदी सारख्या आहेत का’ असं विचारायचं नसतं, ‘फरक अगदी लहान आहे का’ असं विचारायचं असतं.

प्रश्न: वर्गात मी कोड फळ्यावर लिहितो, मुलं तो टाइप करतात, चालतो, सगळे खूश. पण ‘आता स्वतः लिहा’ म्हटलं की वर्ग गप्प. माझं कुठे चुकतं?

क्रम चुकतो. भाषा शिकवताना आपण ऐकणं, वाचणं, मग लिहिणं या क्रमाने जातो. इथे मात्र पहिल्याच दिवशी हातात पेन देतो. उतरवून घेणं म्हणजे वाचणं नव्हे. मूल अक्षरं जुळवत असतं, अर्थ नाही.

इंग्लंडमध्ये स्यू सेंटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रिम’ नावाची एक पद्धत मांडली. तिचे पाच टप्पे: भाकीत करा, चालवा, छाननी करा, बदला, नवं बनवा. ५० मिनिटांच्या तासात ती अशी बसते. समजा हा प्रोग्राम दिला:

बेरीज = ०
मोजणी = ०
यादीतल्या [४०, ६२, ३०] प्रत्येक गुणासाठी:
  बेरीज = बेरीज + गुण
  जर गुण >= ४०: मोजणी = मोजणी + १
दाखवा बेरीज, मोजणी

पहिली ८ मिनिटं संगणक बंद. जोडीने बसून कागदावर भाकीत लिहायचं, पेनने, म्हणजे नंतर खोडता येणार नाही. पुढची ५ मिनिटं शिक्षकाने दिलेली तयार फाइल चालवून ताळा घ्यायचा. टाइप करायला लावू नका, नाहीतर तास टंकलेखनात जातो. उत्तर १३२ आणि २ येतं. मग १५ मिनिटं छाननी: ‘बेरीज = ०’ ही ओळ लूपच्या आत नेली तर काय येईल? (बेरीज ३० दिसेल, कारण दर फेरीला ती पुन्हा शून्य होते आणि शेवटच्या फेरीचा गुणच उरतो.) ‘>=’ऐवजी फक्त ‘>’ ठेवलं तर? मोजणी १ होते, कारण ४० वगळला जातो. यादीत ४० मुद्दाम ठेवला आहे तो यासाठीच. सीमेवरची संख्या नसलेलं उदाहरण छाननीला निरुपयोगी. पुढची १५ मिनिटं बदल: नापासांचीही मोजणी करा, सरासरी काढा. उरलेल्या ७ मिनिटांत एकदोन जोड्यांनी आपला बदल समजावून सांगायचा. ‘नवं बनवा’ हा टप्पा पुढच्या तासाला. तो त्याच तासात कोंबायचा प्रयत्न केला की छाननी कापली जाते, आणि शिकणं तर तिथेच होत असतं.

भाकिताच्या वेळी शिक्षकांची हमखास चूक म्हणजे लगेच ‘बरोबर, शाबास’ म्हणणं. तसं म्हणू नका. चेहरा कोरा ठेवा आणि ‘का?’ एवढंच विचारा.

भाकीत जमत नसेल तर कोष्टक करायला शिकवा. प्रत्येक व्हेरिएबलला एक स्तंभ, लूपच्या प्रत्येक फेरीला एक ओळ. वरच्या उदाहरणात: गुण ४०, बेरीज ४०, मोजणी १, गुण ६२, बेरीज १०२, मोजणी २, गुण ३०, बेरीज १३२, मोजणी २. कंटाळवाणं वाटतं, पण मुलाचा समज नेमका कितव्या फेरीला घसरला हे दुसऱ्या कशानेही इतकं स्पष्ट दिसत नाही.

वाचन आणि लेखन यांच्या मध्ये एक पायरी लागते. त्यासाठी ओळी विस्कटून द्या आणि क्रम लावायला सांगा. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये हा प्रकार मांडला, म्हणून त्याला ‘पार्सन्स प्रॉब्लेम’ म्हणतात. आठ-दहा ओळी पुरे, त्यात दोन फसव्या ओळी मिसळा, पण फसवणूक एकाच मुद्द्यावरची असू द्या: एक ‘>’ची आणि एक ‘>=’ची, एवढंच. पट्ट्या कापून पाकिटात भरून ठेवल्या तर वर्षानुवर्षं वापरता येतात.

प्रश्न: भाषा कोणती घ्यावी? स्क्रॅच की पायथन? आणि संगणकांवर काय बसवावं?

स्क्रॅच २००७ पासून आहे आणि ठोकळे जोडून विचार शिकवायला उत्तम आहे. पण नववी-दहावीच्या मुलांना ते ‘लहानांचं’ वाटू लागतं. आठवीला पहिले सहा-आठ तास स्क्रॅच, नंतर पायथन, हा मध्यम मार्ग चालतो. पायथनवर गेल्यावर स्क्रॅचमध्ये केलेलाच एखादा प्रोग्राम तिथे पुन्हा करा, म्हणजे नवीन फक्त लिपी राहते, विचार जुनाच. शिक्षकांनी स्वतः मात्र दोन भाषांत वेळ वाटू नये. पायथन एक धरा आणि पक्की करा.

शाळेसाठी एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेला ‘थॉनी’ हा मोफत एडिटर (कोड लिहायचं आणि चालवायचं साधन) घ्या. पायथन त्याच्यासोबतच येतं, वेगळं बसवायला लागत नाही. ‘व्ह्यू’ मेनूतून व्हेरिएबल्सची खिडकी उघडी ठेवा. कंट्रोल आणि एफ ५ दाबून डीबग (चूक शोधायला कोड थांबत-थांबत चालवणं) सुरू करा, मग एफ ६ने एकेक पाऊल पुढे जा. वर सांगितलेलं कोष्टक इथे डोळ्यांसमोर भरत जाताना दिसतं.

एका यंत्रावर, मुलाच्याच लॉगिनने, फाइल जतन करून पुन्हा उघडून पाहा, मगच बाकीच्यांवर बसवा. शिक्षकाच्या लॉगिनवर सगळं चालतं आणि मुलाच्या लॉगिनला जतन करायची परवानगीच नसते, हे पहिल्या तासाला कळलं तर तास गेला.

पहिल्या महिन्यात हमखास येणाऱ्या अडचणी या. मुलं फाइलला ‘रँडम’ किंवा ‘टर्टल’ असं पायथनसोबत येणाऱ्या मॉड्यूलचंच (तयार कोडच्या फाइलचंच) नाव देतात; मग पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी त्यांचीच फाइल उचलतं आणि न समजणारा एरर देतं. फाइलचं नाव बदललं की सुटतं. वर्ड प्रोसेसरमधून कोड चिकटवला तर सरळ अवतरणचिन्हांऐवजी वळणदार येतात आणि ती चालत नाहीत. ‘इनपुट’ या आदेशाने वापरणाऱ्याकडून आलेला आकडा हा मजकूर असतो: ५ आणि ७ दिले की बेरीज १२ ऐवजी ५७ येते, जोवर ‘इंट’ने त्याची संख्या करत नाही. आणि ‘रेंज’ या मोजणीच्या आदेशाला १ आणि १० दिलं की मोजणी ९ वरच थांबते. यासाठी कुंपणाचं उदाहरण सांगा: १० मीटर लांबीला दर मीटरवर खांब लावायचे तर खांब ११ लागतात. अंतरं आणि खांब यांची गल्लत हीच ती चूक.

अटींचा क्रमही पाहा. आधी ‘गुण >= ४० असेल तर उत्तीर्ण’ आणि त्यानंतर ‘नाहीतर जर गुण >= ७५ असेल तर उत्कृष्ट’ असं लिहिलं की ८० गुणांचं मूलही नुसतं ‘उत्तीर्ण’ ठरतं. दुसऱ्या अटीची पाळीच येत नाही. कडक अट आधी.

प्रश्न: मी मराठी शिकवते. माझ्या विषयाचा इथे काही उपयोग आहे का?

आहे, आणि चांगलाच. पायथनला ‘शिक्षक’ या शब्दाची लांबी विचारा. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, उत्तर ६ येतं: श, वेलांटी, क, पायमोडीचं चिन्ह, ष, क. क्ष हे अक्षर संगणकाच्या लेखी तीन तुकड्यांचं आहे, आणि र्‍हस्व वेलांटी दिसते आधी पण साठते नंतर. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत) ‘क’चा क्रमांक २३२५. ते क्रमांक साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याला ३ बाइट लागतात, म्हणजे ‘शिक्षक’ला १८. अक्षर, वर्ण आणि चिन्ह यांतला फरक व्याकरणातून ज्यांना माहीत आहे त्यांनीच हा धडा घ्यावा. व्हेरिएबलचं नाव पायथन ३ मध्ये देवनागरीतही ठेवता येतं. पहिल्या काही तासांना जरूर ठेवा.

प्रश्न: चाळीस मुलं, चालू संगणक बारा. काय करावं?

वर्गाचे दोन गट करा. २४ मुलं संगणकावर जोडीने, १६ मुलं कागदी कामावर, आणि अर्ध्या तासाने त्यांतल्या १६ जणांची अदलाबदल. संगणकावरच राहिलेल्या ८ जणांची कागदी कामाची पाळी पुढच्या तासाला आधी लावा, आणि हे लिहून ठेवा, नाहीतर तीच मुलं त्या कामात पुन्हा मागे राहतात. जोडीत एकाच्या हातात कीबोर्ड आणि दुसऱ्याने फक्त सांगायचं. दर ७ मिनिटांनी घंटा वाजवून बदला. घंटा नसेल तर कीबोर्ड कधीच हलत नाही.

कागदी कामासाठी न्यूझीलंडमध्ये टिम बेल यांनी इयन विटन आणि माइक फेलोज यांच्यासोबत उभं केलेलं ‘सीएस अनप्लग्ड’ पाहा. १६, ८, ४, २, १ ठिपक्यांची पाच कार्डं पाच मुलांच्या हातात द्या, उलटंसुलटं करून ० ते ३१ पैकी कोणतीही संख्या दाखवता येते. १००० नावांच्या क्रमवार यादीतलं एक नाव दर वेळी मधोमध पाहत गेलं तर जास्तीत जास्त १० वेळा पाहून सापडतं, कारण दोनाचा दहावा घात १०२४. मात्र खेळ खेळून सोडून दिला तर तो फक्त खेळच राहतो. त्याच आठवड्यात तीच गोष्ट यंत्रावर करून दाखवा.

प्रश्न: काही मुलांना माझ्यापेक्षा जास्त येतं. वर्गात एरर आला आणि मला सुटला नाही तर?

अडू द्या. फक्त अडल्यावर काय करायचं याची पद्धत दाखवा. पायथनचा एरर खालून वाचायचा: चुकीचा प्रकार शेवटच्या ओळीत असतो, ओळीचा क्रमांक त्याच्या वर. दाखवलेल्या ओळीत काहीच चुकीचं दिसत नसेल तर तिच्या आधीची ओळ पाहा; कंस बंद करायचा राहिला की जुन्या आवृत्त्या पुढच्या ओळीला दोष देतात. पायथन ३.१० पासून ‘कंस बंदच केला नाही’ असं थेट सांगितलं जातं, म्हणून नवी आवृत्ती ठेवा. तरीही सुटलं नाही तर अर्धा कोड बाजूला काढून चालवा, चूक कोणत्या अर्ध्यात आहे ते कळतं.

जास्त येणाऱ्या मुलांना दुसऱ्यांचा कोड लिहून द्यायला मनाई करा. त्यांनी फक्त प्रश्न विचारायचे.

प्रश्न: गृहपाठाचा कोड मुलं एआयकडून लिहून आणतात. तपासायचं कसं?

घरून आलेल्या कोडला गुण देणं कमी करा. वर्गात कागदावर भाकीत, विस्कटलेल्या ओळी आणि तीन मिनिटांची तोंडी परीक्षा ठेवा: ‘ही ओळ काढली तर काय होईल? ही अट अशी बदलून दाखव.’ कोड कुणीही लिहिलेला असो, ज्याला समजलाय तो सांगतो. आणि एआयने दिलेला कोड छाननीला वापरायला अजिबात हरकत नाही. तो नीटनेटका दिसतो आणि सीमेवरच्या संख्येला कधीकधी चुकतो, सरावाला यापेक्षा चांगलं काय?

प्रश्न: मी मुख्याध्यापक आहे. प्रशिक्षणाला शिक्षक पाठवतो, प्रमाणपत्रं येतात, वर्गात काही बदलत नाही.

तीन गोष्टी तपासा. प्रशिक्षण झालं आणि वर्ग मिळाला, यांत किती दिवस गेले? सहा महिने गेले असतील तर शिकलेलं बहुतेक गेलं. प्रशिक्षण चालू असतानाच आठवड्याला एक तास प्रत्यक्ष वर्ग द्या. दुसरं, सरावासाठी वेळापत्रकात जागा आहे का? आठवड्याला दोन तास मोकळे नाहीत तर कितीही प्रमाणपत्रं आणा. तिसरं, एकाच शिक्षकाला पाठवलं का? दोघांना पाठवा, वेगवेगळ्या विषयांचे चालतील. एकमेकांचा कोड वाचायला कुणीतरी लागतं, आणि एकाची बदली झाली तर विषय बंद पडत नाही.

प्रशिक्षक निवडताना एक विचारा: तुमच्या वर्गात शिक्षक किती वेळ टाइप करतात आणि किती वेळ चुकलेला कोड वाचतात? प्रशिक्षक पडद्यावर लिहितो आणि बाकीचे उतरवतात, असा वर्ग असेल तर तुमचे शिक्षकही परतल्यावर तसंच शिकवतील.

घाईबद्दल इंग्लंडचं उदाहरण बोलकं आहे. रॉयल सोसायटी या तिथल्या विज्ञानसंस्थेने जानेवारी २०१२ च्या अहवालात जुन्या आयसीटी (माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान) विषयाच्या मर्यादा दाखवल्या. सप्टेंबर २०१४ पासून त्याच्या जागी ‘कम्प्युटिंग’ विषय लागू झाला, प्रोग्रामिंगसह. पण ८,००० शिक्षकांना तयार करण्यासाठी ८ कोटी ४० लाख पौंडांची तरतूद जाहीर झाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये, आणि या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं २०१८ मध्ये. मधल्या काळात बराचसा भार ‘कम्प्युटिंग ॲट स्कूल’सारख्या शिक्षकांच्याच जाळ्याने उचलला. तुमच्या शाळेत अभ्यासक्रम आधी आला आणि शिक्षक मागून तयार होत असतील, तर पहिल्या वर्षी अर्धाच अभ्यासक्रम घ्या: व्हेरिएबल, अट, लूप, यादी. बाकीचं दुसऱ्या वर्षी.